नव्या कापडाची गोधडी

गोधडी जुन्या कापडाचीच असते, असं मी वर्षानुवर्षं मानत आले आणि ठासून सांगतही आले. नवं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि मग तेच तुकडे पुन्हा जोडत बसायचं, हा ज्यांच्याकडे वेळही आहे आणि पैसाही आहे त्यांचा छंद, असं माझं स्पष्ट मत होतं. गृहविज्ञान शिकवत असताना वर्गात मुलींनाही मी हेच सांगितलं. शिवणासाठी घरात वेगळी खोली असावी ही कल्पना तर मला मुळीच पटत नसे. माझ्या आईनं पलंगाखालच्या एका ट्रंकेच्या आधारावर अख्ख्या घराचं शिवण केलं. मग खोली कशाला हवी?

आज माझ्या घरात शिवणाची खोली आहे. तिथल्या कपाटात खास गोधडीसाठी विकत आणलेलं सुती कापड घडी घालून ठेवलेलं असतं. कुणी सल्ला विचारला तर मी चांगलं सुती कापड नवं घ्या म्हणून सांगते, आणि शिवणारीची मजुरी आधी ठरवा असंही सांगते. हे मत कसं पालटलं ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण माझं आधीचं मतही उगाच धरलेलं नव्हतं.

ते मत उमरेडला, आजोळी तयार झालं. उमरेड हे विणकरांचं गाव. कोष्ट्यांच्या घरांतून हातमागाचा आवाज दिवसभर यायचा, आणि आजी तिथलंच नऊवारी नेसायची. लुगडं मध्ये विरलं की विरलेला भाग काढून टाकून ती त्याला दंड घालायची. दंड घातलेलं लुगडंही विरलं की ते गोधडीच्या गाठोड्यात जायचं. आजोबांची धोतरं त्याच गाठोड्यात. शेकडो वेळा धुतलेलं ते सूत इतकं मऊ झालेलं असायचं की सुई अडत म्हणून नसे. गोधडीत कापूस नसतो. कापूस भरला की ती दुलई किंवा रजई, आणि तिला पिंजारी लागतो. गोधडीला पिंजारी लागत नाही, शिलाई मशीन लागत नाही. लुगड्यावर लुगडं अंथरायचं, चार-पाच थर करायचे, त्यातल्या त्यात धड असलेलं वर आणि खाली घ्यायचं, आणि कडेपासून सुरुवात करून आत आत धावदोरा घालत जायचा. विकत आणायचं ते फक्त जाड दोऱ्याचं रीळ आणि मोठी सुई. बाकी सगळं घरातलं.

नागपूरची थंडी महिना-दीड महिन्याचीच, पण पडते तेव्हा कडाक्याची पडते. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथलं तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं. त्या रात्री मी आजीच्या हातची गोधडी घेऊन झोपले होते आणि ब्लँकेटला हात लावला नव्हता. असा अनुभव पाठीशी असताना मी नव्या कापडाची बाजू का घेतली असती?

माझ्याकडे परदेशातला पुरावाही होता. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून काळ्या शेतमजुरांची एक वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शेतात घालून फाटलेले शर्ट आणि पँटी यांतून गोधड्या केल्या. त्यांचं प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्या गोधड्यांची तिकिटं काढली. पाहा, जुन्याचीच किंमत झाली, असं मी वर्गात सांगायची. या वस्तीबद्दल पुढे पुन्हा लिहिणारच आहे.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. दिवाळीच्या आवरासावरीत आम्ही ठरवलं की घरातलं सगळं कापड एकदा तिथं आणून ओतायचं आणि काय ठेवायचं, काय द्यायचं याचा निकाल लावायचा. माझी जाऊ मदतीला आली. माळ्यावरची ट्रंक, दिवाणातली गाठोडी, कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या पिशव्या, सगळं खाली आलं. साड्या, चादरी, पडदे, मुलीचे कुर्ते आणि ओटीत आलेली ब्लाऊजपीसं. ही ब्लाऊजपीसं म्हणजे मराठी घरातला कधीही न संपणारा साठा. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, नवरात्र, जिथं जाऊ तिथून एक येतं. एकीच्या ओटीतलं दुसरीच्या ओटीत जातं, तिच्याकडून तिसरीकडे, आणि शिवत कुणीच नाही, कारण ऐंशी सेंटिमीटरच्या त्या तुकड्याला ना पोत असतो ना पक्का रंग.

माझ्या मनात होतं की या एवढ्या ढिगातून निदान सहा-सात गोधड्या निघतील. पण चादर म्हणून हातात घेतलेलं कापड काहीतरी वेगळंच लागलं, आणि मला वर्गातला जुना प्रयोग आठवला. गच्चीत वारा नसलेल्या कोपऱ्यात मेणबत्ती लावली. प्रत्येक कापडाच्या कडेतून उभं एक सूत आणि आडवं एक सूत उसवायचं, कारण कित्येकदा ताणा एका धाग्याचा असतो आणि बाणा दुसऱ्याचा. मग ते चिमट्यात धरून ज्योतीपाशी न्यायचं. सूत खरं सुती असेल तर ते सरळ पेट घेतं, कागद जळल्यासारखा वास येतो, आणि बोटांत चुरलं की मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, ज्योतीपासून मागं सरतं, मग वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. मिश्र असेल तर थोडी राख आणि तिच्यात खडे लागतात.

मणी निघत गेले. सुती म्हणून जपलेल्या साड्यांतून निघाले, सुती म्हणून घेतलेल्या चादरींतून निघाले. जाऊ एकेक साडी उचलून पाहायची आणि म्हणायची, "ताई, हे तं कॉटन म्हणूनच दिलं होतं त्यानं." ब्लाऊजपीसांच्या ढिगातून राखेचे फार थोडे निघाले. संध्याकाळी सुती कापडाचा जो ढीग उरला त्यात सासूबाईंची पातळं होती, ह्यांचे जुने कुर्ते होते, मुलीची लहानपणची दुपटी होती आणि विरायला आलेल्या दोन-तीन चादरी होत्या. बाकी सगळं मण्यांच्या बाजूला.

ज्याला मी जुनं कापड म्हणत होते ते आमच्या घरात कधीचंच तयार होत नव्हतं. टेरिकॉट आलं, नायलॉन आलं, जॉर्जेट आलं. धुवायला सोपं, इस्त्रीची गरज नाही, रंग जात नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला त्या साडीनं किती हात दिला ते मी जाणते. मीही तीच नेसून कॉलेजला गेले, आणि तिला नावं ठेवणार नाही. पण गोधडीला ती चालत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, टाका ओढला की कापड चुण्या धरतं, आणि अंगाचा घाम शोषला जात नाही. नागपुरात मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या पुढं जातो, कूलरसमोर झोपलेलं माणूस पहाटे अंगावर काहीतरी ओढून घेतं. ते काहीतरी पॉलिएस्टरचं असेल तर पाठ चिकट होते. आणि सुती लुगडं जसं धुऊन धुऊन मऊ होत जातं तसं हे होत नाही. वीस वर्षांनीही ते तसंच निसरडं राहतं.

म्हणजे गोधडी जुन्याचीच हवी, हे माझं म्हणणं ज्या जुन्यावर उभं होतं ते आजीबरोबरच सरलं होतं. जुनी सुती साडी हवी असेल तर आधी कुणीतरी नवी सुती साडी विकत घेऊन ती झिजेस्तोवर नेसायला हवी. ते आमच्या घरात कुणी केलं नव्हतं.

एवढ्यानंही कदाचित मी नव्या कापडाकडे वळले नसते. आहे त्या ढिगातून दोन गोधड्या करून घेऊ, असं म्हणून मी ते कापड आमच्या भागात गोधड्या शिवून देणाऱ्या मावशींकडे नेलं. तिथं दुसरी गोष्ट कळली, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

मावशी घराच्या पडवीत चटईवर बसून शिवतात. आजूबाजूच्या घरांतून बायका जुन्या साड्यांचं गाठोडं आणून टाकतात आणि महिन्याभरानं गोधडी घेऊन जातात. तेव्हा मजुरीचा चालू दर आठशे रुपये होता. माझी गोधडी पाच फूट बाय सात फुटांची, म्हणजे साधारण दीडशे सेंटिमीटर रुंद आणि दोनशे दहा लांब. ती शिवून आली तेव्हा मी ती पलंगावर पसरली आणि शिकवायच्या सवयीनं मोजपट्टी घेतली. दोन ओळींतलं अंतर दीड सेंटिमीटर. म्हणजे शंभर ओळी. एकेक ओळ दोन मीटर दहा सेंटिमीटरची. सगळ्या ओळी मिळून दोनशे दहा मीटर झाल्या. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला तर एकवीस हजार टाके. चार थरांतून सुई घालायची, खालून हात देऊन वर घ्यायची, ओढायची. मिनिटाला दहा टाके पडले तरी पस्तीस तास होतात, आणि त्यात कापड धुणं, उसवणं, थर लावणं, कच्चं टाचणं काहीच धरलेलं नाही.

पस्तीस तास म्हणजे आठ तासांचे जवळजवळ साडेचार दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होता. रस्त्याच्या कामावर माती टाकणाऱ्या बाईला तेवढ्या वेळाचे जवळजवळ तेराशे मिळाले असते. एकवीस हजार टाके इतके सारखे घालायला जो हात लागतो, जी नजर लागते, तिला आठशे.

मी मावशींना विचारलं, दर वाढवत का नाही? त्या म्हणाल्या, "कसा वाढवू मॅडम? लोकं म्हणतेत, कपडा तं आमचाच हाये, तुमचा निस्ता दोराच लागते."

कापड फुकटचं म्हटलं की त्यावर बसलेल्या हाताचीही किंमत उरत नाही. आजीनं स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या नातवंडांसाठी गोधडी शिवली तेव्हा मजुरीचा प्रश्नच नव्हता. पण आज गोधडी शिवणारी एक आणि अंगावर घेणारी दुसरी, असं झालेलं आहे, आणि भाषा मात्र आजीच्याच काळची चालू आहे. घरातल्या टाकाऊतून टिकाऊ, असं आपण कौतुकानं म्हणतो. टाकाऊवर काम करणाऱ्याला कोण मोजून पैसे देतं? जुन्याचीच गोधडी खरी, हे माझं वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा मावशींचा दर तिथंच राहायला मदत झाली, असं मला वाटू लागलं.

मग मी नव्या कापडाची गोधडी करून घ्यायचं ठरवलं. पाच बाय सातच्या गोधडीला चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं कापड दर्शनी बाजूला जोडकामासह पाच मीटर लागतं, अस्तराला साडेचार, आणि मधल्या थरांना मांजरपाट किंवा घरातली खरोखरच सुती असलेली चादर. कापडाचं बिल दीड हजाराच्या आत बसत नाही. दीड-दोन हजारांचं कापड ज्या हातात द्यायचं त्या हाताला आठशे रुपये सांगताना कुणाचीही जीभ अडखळते. कापडाला किंमत आली की तिच्या शेजारी मजुरीचाही आकडा लिहावा लागतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, दुकानाच्या बिलावर सापडलं.

खरेदीला मी मावशींनाच बरोबर घेतलं. मेट्रोनं अग्रसेन चौकात उतरलं की गांधीबागेचं कापड मार्केट पायी जाण्यासारखं आहे. सीताबर्डीवर तयार कपडे आणि फॅशनचा माल, धरमपेठेत चांगली पण महाग दुकानं, आणि कापड म्हणून कापड घ्यायचं तर गांधीबाग आणि इतवारी, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. ठोकाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसलेला माणूस पहिला प्रश्न हिंदीत विचारतो, "थान चाहिए या कटपीस?" थान म्हणजे पुरा ताका. आम्हाला ताका नको होता. कटपीसवाल्यांकडे वळलो. तिथं काही कापड मीटरवर मिळतं, काही किलोवर.

मावशींची कापड पाहण्याची रीत मी तिथं पहिल्यांदा पाहिली. रंगाकडे त्या सुरुवातीला बघतच नव्हत्या. कोपरा ओला करून दोन बोटांत चोळायचा. पांढरं पीठ सुटलं तर खळ भरलेली आहे, धुतल्यावर कापड मच्छरदाणीसारखं विरळ होणार. मग ते मुठीत चुरगाळून सोडायचं आणि किती सावकाश उलगडतं ते पाहायचं. पदराला अडकवलेली सुई काढून किनारीत घालून बघायची. एक पॉपलिन मला फार आवडलं होतं, गर्द निळं, घट्ट विणीचं, चमकदार. मावशींनी त्यात सुई घातली, ती अडली, त्यांनी ती परत काढून दाखवली. "चार पदरांतून मले हे ओढाचं हाये मॅडम. बोटं जातीन." निळं पॉपलिन परत गेलं. हातमागाच्या कापडात सुई अलगद गेली, कारण तिथली वीण थोडी सैल असते. हाताच्या टाक्यासाठी यंत्रावरच्या घट्ट कापडापेक्षा हातमागाचं किंवा खादीचं कापड सोयीचं, हे मी शिकवलेल्या कुठल्याही धड्यात नव्हतं. शेवटी रंग. तो दुकानातल्या दिव्याखाली ठरवायचा नाही. कापड दाराशी आणून दिवसाच्या उजेडात पाहायचं आणि ओला पांढरा रुमाल घासून रंग उतरतो का ते बघायचं.

हातमागाचा विषय निघाला की नागपूरकरानं थोडं थांबावं. भोसल्यांच्या काळापासून हे विणकरांचं शहर. पाचपावली, गोळीबार चौक, मोमिनपुरा या भागांत घराघरांत माग होते, आणि रेशीमकाठी धोतरं, लुगडी, उपरणी इथून दूर दूर जात. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथंच एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस इथला होता. त्या मिलच्या जागेवर आज मॉल आहे. विदर्भ कापूस अजून पिकवतो, पण त्याचं कापड विणायला आता इथं किती हात उरलेत ते या वस्त्यांतून फिरलं की कळतं. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाचं मुख्यालय उमरेड रोडवर आहे. वर्ध्याला १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय आहे, तिथं नैसर्गिक रंगांची खादी मिळते, आणि गोपुरीतही खादीचं काम चालतं. एवढं सगळं दीड-दोन तासांच्या अंतरात असताना, जुन्यातून करा, विकत घेऊ नका, असं मी म्हणत होते. माझ्या त्या सांगण्यानं मागावर बसणाऱ्याचं एक मीटरही कापड खपलं नसतं. आता गोधडीच्या दर्शनी बाजूसाठी मी शक्यतो खादी किंवा हातमागच घेते, आणि अस्तराला मांजरपाट. खादी पहिल्या धुण्यात चांगलीच आटते, म्हणून मोजापेक्षा थोडी जास्त घ्यावी लागते.

जीज बेंडबद्दल पुढचं वाचलं ते याच सुमारास. तिथल्या आणि आसपासच्या बायकांनी १९६६ मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली होती. नागरी हक्कांच्या लढ्याचा तो काळ, आणि गोधड्या विकून हातात पैसा यावा हा हेतू. १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या कंपनीकडून कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचं काम त्यांना मिळालं. अभ्रे कापून उरलेले कोऱ्या कॉर्डरॉयचे तुकडे त्या बायकांनी घरी नेले, आणि त्या नव्या कापडातून केलेल्या गोधड्या आज त्यांच्या नावाजलेल्या कामांत मोजल्या जातात. मी वर्गात अर्धीच गोष्ट सांगत होते. त्यांची नजर जशी फाटक्या शर्टावर चालत होती तशी कोऱ्या कापडावरही चालली, आणि त्यांना मजुरी हवी होती.

आता खोलीबद्दल. मुलीची खोली शिवणाची करू या, असं ह्यांनीच सुचवलं. मी आधी नाही म्हटलं, नंतर बरेच दिवस टाळलं. पटलं ते एका व्यवहारी कारणानं. मावशींच्या पडवीत पावसाळ्यात ओल येते, आणि टाचून ठेवलेली गोधडी दर संध्याकाळी गुंडाळून ठेवावी लागते. गुंडाळली की थर सरकतात, सकाळी पुन्हा सारखे करावे लागतात. त्या म्हणाल्या, अंथरलेली गोधडी अंथरलेलीच राहिली तर काम निम्म्या वेळात होईल. आजोळी ओसरी होती, माजघर होतं, गोधडी आठवडाभर पसरून ठेवता येत असे. म्हणजे आजीकडेही गोधडीची जागा होतीच, तिला कुणी खोली म्हणत नव्हतं एवढंच. माझ्या आईकडे ती जागा नव्हती, आणि तिनं गोधडी कधी केली नाही, हेही मला आता लक्षात येतं.

खोली लावताना पहिल्यांदा पलंग बाहेर काढला. मी टेबलं, कपाटं, भिंतीवरच्या फळ्या यांचा विचार करत होते. मावशींनी येऊन पाहिलं आणि खोलीच्या मधोमध काहीच ठेवायचं नाही असं सांगितलं. गोधडीला जमीनच लागते. चारही बाजूंनी फिरता यावं, गुडघ्यावर बसून मध्यापर्यंत हात पोचावा. म्हणून मध्ये मोकळी फरशी आणि तिच्यावर जाड सतरंजी. कापण्याचं उंच टेबल एका भिंतीला, शिलाई मशीन उत्तरेच्या खिडकीपाशी, कारण तिथला उजेड दिवसभर सारखा असतो आणि ऊन थेट कापडावर पडत नाही. कपाट कूलरच्या समोरच्या भिंतीला नको, कडेला. नागपुरात चार महिने कूलर चालतो, त्याची दमट हवा कापडावर आली की घडीच्या आत बुरशीचे ठिपके पडतात. पंखा शिवताना बंद, नाहीतर कापलेले तुकडे खोलीभर उडतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये कापण्याचं काम सकाळीच उरकायचं.

कापड मी आधी रंगांनुसार लावलं. पाहायला छान दिसत होतं. कामाला बसल्यावर मावशींना हवी असलेली वस्तू सापडेना, कारण त्या रंग मागत नव्हत्या, वजन मागत होत्या. जाडं जाड्याशी, पातळ पातळाशी जोडलं तरच शिवण ताणत नाही. आता कप्पे तसे आहेत. जाडी खादी, मध्यम हातमाग, पातळ केंब्रिक, अस्तराचं मांजरपाट, आणि खाली एक मोठा कप्पा जुन्या सुतीचा, प्रत्येक कापड जाळून पाहिलेलं. नवं कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कप्प्यात जातं, न धुतलेलं दाराशी थांबतं. प्लास्टिकच्या पिशव्या नाहीत, जुन्या धोतराच्या पिशव्या आहेत. कडुनिंबाचा पाला वाळवून त्यात घालतो, पावसाळ्याच्या आधी सगळं एकदा उन्हात काढतो. उरेब कापलेले तुकडे वेगळ्या डब्यात, कारण ते ओढले की वाकडे होतात आणि सरळ तुकड्यांत मिसळले की घात करतात.

माझ्या जुन्या मतातलं काही अजून माझ्यापाशी आहे, आणि ते सोडायचा विचार नाही. परदेशात गोधडीच्या कापडाची तयार पाकिटं मिळतात, अडीच इंचांच्या पट्ट्या गुंडाळून, सगळे रंग आधीच जुळवलेले. आपल्याकडेही ती मागवणाऱ्या बायका आहेत. मला ती नको वाटतात. कुठलं कापड कशाशेजारी ठेवायचं हे ठरवणं म्हणजेच निम्मी गोधडी, ते काम दुसऱ्याकडून करून का घ्यायचं? आणि काय करायचं ते न ठरवता कापड घेऊन कपाट भरणं, हे मला आजही चुकीचं वाटतं. आमच्याकडे पाच गोधड्यांपुरतं कापड असलं की खरेदी थांबते. भंडाऱ्याची करवती काठाची कोशाची साडी मी गोधडीसाठी कापणार नाही, ती नेसण्यासाठीच आहे. तिचे काठ निघाले, साडी विरली, तर पुढची कापेल.

माझ्या आत्याला यातलं काहीच मान्य नाही. ती नव्वदीला आली आहे, अजून सुतीच नेसते. नव्या कापडाची गोधडी तिच्या पायांवर घातली तेव्हा तिनं हात फिरवला, टाके पाहिले, टाक्यांना चांगलं म्हणाली, आणि म्हणाली, "हिच्यात कोणीच नाही गं." सासूबाईंच्या पातळात सासूबाई असतात, बापाच्या धोतरात बाप असतो, असं तिचं म्हणणं. याला माझ्याकडे उत्तर नाही. मुलीच्या गोधडीत मधला एक थर मी सासूबाईंच्या पातळाचा घातला, पण आत्याचं समाधान झालं नाही, आणि तिनं ते व्हायला हवं असा माझा आग्रहही नाही.

मावशी आता आठवड्यातून चार दिवस आमच्याकडे दुपारी येतात आणि स्वतःची कामंही या खोलीत करतात. दर त्यांनी स्वतः बसवला आहे. बोटभर अंतराच्या ओळींचा एक, दोन बोटांच्या ओळींचा कमी, आणि कापड कुणाचंही असलं तरी तोच. गेल्या महिन्यात आमच्या ओळीतल्या एक बाई जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. मावशींनी त्यातलं एक सूत काढलं, काडी ओढली, मणी त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे मी शिवत नाही. सुती आना, नवं आना का जुनं आना, मजुरी मात्र इथं लिहून हाये ते." खिडकीशेजारी माझ्या अक्षरातला दरांचा कागद लावलेला आहे. त्या बाईंनी तो दोनदा वाचला, गाठोडं उचललं आणि विचार करून सांगते म्हणाल्या. अजून आल्या नाहीत. दुसऱ्या दोघी मात्र येऊन गेल्या, आणि त्यांतल्या एकीचं कापड मंगळवारी घ्यायला आम्ही गांधीबागेत जाणार आहोत.